एकच हाव

उंद्री गावात कोकिळाबाईच्या ‘हाव’ला वजन होतं.

वऱ्हाडात ‘हो’ला ‘हाव’ म्हणतात, आणि ते दोन तऱ्हांनी म्हणतात. एक असतो ‘हाव-हाव’. तो घाईत निघतो, मान हलवत, समोरच्याला वाटेला लावायला. त्यातून पुढं काही होईलच असं कोणी धरून चालत नाही. दुसरा एकटा ‘हाव’. तो सहसा कोणी खर्च करत नाही. कोकिळाबाई मात्र जन्मभर हा दुसराच वापरत आली होती. उद्या तण निंदायला येशील का, असं कोणी विचारलं की ती आधी आपल्या घराकडं बघायची, मनातल्या मनात उद्याचा दिवस मांडून पाहायची आणि मग म्हणायची, “हाव.” एकदा म्हटला की अंगात ताप असला तरी सकाळी विळा घेऊन बांधावर हजर. जमणार नसलं तर तितकाच कोरडा “नाही”. ती लग्न होऊन आली तेव्हा बायकांना हा ताठा वाटला. पुढं पुढं त्याच बायका आपसातली भांडणं तिच्या ओट्यावर आणू लागल्या. “कोकिळाबाई, तूच सांग, ही असं म्हनली होती का नाही?” तिनं “हाव” म्हटलं की भांडण तिथंच संपायचं.

हे वळण तिच्या बापाचं. बाप बुलढाण्यात मिशनच्या आवारात माळी होता. पोरांपैकी कोणी ‘हाव-हाव’ म्हटलं की तो हातातली झारी खाली ठेवायचा आणि एक बोट वर करायचा. बोलायचा नाही, रागवायचा नाही. पोर नीट, एकदाच ‘हाव’ म्हणेपर्यंत बोट तसंच वर. शपथा वाहू नका, तुमचा होकार होकारासारखा असू द्या, हे रविवारी ख्रिस्ती देवळातल्या उपदेशात यायचं. घरी ते बापाच्या बोटात होतं.

चिखलीच्या देवळातल्या मंडळीत एकदा नगरकडून नवे पाळक आले. त्यांनी पहिल्याच उपासनेत विचारलं, “प्रभूच्या मागं चालायला तयार आहात ना?” आणि सगळी मंडळी एका आवाजात म्हणाली, “हाव!” पाळकसाहेब बिचारे दचकले. त्यांच्या कानाला हाव म्हणजे लोभ. उपासनेनंतर कोकिळाबाईनं हसत हसत त्यांना समजावलं, “आमच्याकडं दोन्हीले एकच शब्द हाये, पाळकसाहेब. कोणता हाये थे ज्याचं त्यानं पाहाव.” सगळे हसले. तीही हसली. आपण काय बोललो ते तिला त्या दिवशी कळलं नव्हतं.

उंद्रीत ख्रिस्ती घर एवढं एकच. नवरा निवृत्ती बसथांब्याजवळच्या टपरीत फवारणीचे पंप दुरुस्त करायचा. कोकिळाबाई मजुरीला जायची. भिंतीला भिंत लागून वाहेदचं घर. वाहेद फवारणीची कामं घ्यायचा. त्याची बायको शाहजादी कोंबड्या पाळायची. त्या कोंबड्यांना अंडी घालायला कोकिळाबाईच्या अंगणातली पऱ्हाटीच्या, म्हणजे कपाशीच्या, काड्यांची गंजीच पसंत होती, त्यामुळं रोज सकाळी भिंतीवरून वाद.

“शाहजादी, तुह्या कोंबडीनं माह्याकडं भाडं न देता बाळंतपण केलं बरं.”

“मंग अर्धं अंडं तू खाय, अर्धं मले दे!”

अशी ती माणसं. आणि असा तो गाव.

दोन हजार सतराचा भादवा होता. बीटीचं बियाणं आलं तेव्हा सांगितलं गेलं होतं की आता अळीची चिंता मिटली, पंप अडगळीत टाका. पंधरा वर्षांत पंप अडगळीत गेले नव्हते. निवृत्तीच्या टपरीसमोर त्यांची रांग लागत होती. त्या साली पऱ्हाटी माणसाच्या डोक्यावर गेली होती. आत शिरलेला माणूस दिसायचा नाही. नुसता पंपाचा घरघराट, आणि शेंड्यांवरून सरकत जाणारं पांढरं धुकं. शेतमालक शालिग्रामभाऊनं एका सकाळी एक बोंड तोडून कोकिळाबाईच्या तळहातावर ठेवलं. हिरवंगार, टणक. मग नखानं फोडून दाखवलं. आत गुलाबी अळी आरामात पडली होती.

“पाहा,” शालिग्रामभाऊ म्हणाला, “वरून कसं साजरं हाये.”

शालिग्रामभाऊ वाईट माणूस नव्हता. मजुरांना चहा वेळेवर देणारा, पण सदा घाईत. त्या दिवशी त्याला जानेफळला कोणाच्या तरी साखरपुड्याला जायचं होतं. फवारणीला वाहेद होता, आणि पंपात पाणी आणि औषध भरून द्यायला कोकिळाबाई. शेतात विषाला औषधच म्हणतात. बांधावर दोन बाटल्या ठेवल्या होत्या. एक मोठी, नेहमीची. दुसरी लहान, नवीन.

शालिग्रामभाऊनं मोटारसायकलला किक मारली आणि त्या आवाजातच ओरडून सांगितलं, “मोठीतलं एक झाकण! अन् लहानीतलं अर्धं! तिच्याच झाकणानं, अर्धं! लय कडक हाये थे. दसऱ्यापर्यंत पुरवा लागते!”

कोकिळाबाई तेव्हा तोंडाला पदर बांधत होती. टाकी भरून पाणी वाहायला लागलं होतं, तिचं लक्ष नळीकडं. तिला ‘एक झाकण’ ऐकू आलं, ‘लहानीतलं’ ऐकू आलं. बाकीचं मोटारसायकलनं नेलं.

“हाव-हाव,” ती म्हणाली.

म्हटल्याबरोबर तिला कळलं. पायरी आहे असं समजून पाय टाकावा आणि पायरी नसावी, तसं झालं. बापाचं बोट डोळ्यांपुढं येऊन गेलं. पण मोटारसायकल पांदणीच्या वळणावर पोचली होती, आणि वाहेद पंप पाठीवर घेऊन उभा होता. “चला भाभी, ऊन चढून राह्यलं.”

लहान बाटली उघडताना तिचं झाकण चिखलात पडलं. कोकिळाबाईनं ते धुवून घेतलं नाही. मोठीचं झाकण हातात होतंच. तिनं त्यानंच मोठीतलं एक मापलं, त्यानंच लहानीतलं एक मापलं. काठोकाठ. काम नीट करायची सवय.

पहिला पंप गेला. दुसरा गेला. तिसऱ्याला वाहेद पऱ्हाटीतून बाहेर आला तेव्हा त्याचे डोळे लाल होते.

“भाभी, आज औषध लयच कडक हाये. अळी मरन का नाही माहीत नाही, पहिले मीच मरतो.”

“तोंडाले फडकं नीट बांध ना मंग.”

“फडकं बांधलं तं बिडी कशी वढू?” तो हसला, आणि पाणीसुद्धा न पिता पुन्हा आत शिरला.

कोकिळाबाईनं लहान बाटली हातात घेतली आणि उन्हात धरून पाहिली. दसऱ्यापर्यंत पुरवायची, एवढे शब्द आता कुठून तरी वर आले. दसरा महिनाभर लांब होता. ही बाटली आज दुपारपर्यंत संपली असती.

तिच्या कमरेच्या पिशवीत फोन होता. शालिग्रामभाऊचा नंबर त्यात होता. फोन लावून काय म्हणायचं? ‘भाऊ, मी ऐकलंच नव्हतं. मी नुसतीच हाव-हाव म्हटलं.’ शालिग्रामभाऊ हसला असता. साखरपुड्याच्या मांडवात चार लोकांत सांगितलं असतं, आमची कोकिळाबाई पण हाव-हाव म्हणू लागली म्हणून. एवढंच झालं असतं. तेवढं तिला सोसवलं नाही. चौथ्या पंपात कमी टाकावं असं मनात आलं, पण कमी टाकलं तर आधीचे तीन चुकले हे स्वतःशी कबूल करावं लागलं असतं. तिनं झाकण पुन्हा काठोकाठ भरलं. थोडं बोटांवर सांडलं.

आठवा पंप संपायच्या आत वाहेद बाहेर आला. पंप पाठीवरच होता. बाभळीखाली बसला, तर घामानं सदरा असा भिजलेला, जणू टाकीत बुडी मारून आला. तोंडातून लाळ गळत होती.

“भाभी,” तो म्हणाला, “मले तुम्ही दोन-दोन दिसून राह्यल्या.” हसायला गेला आणि त्याला वांती झाली. मग हातापायांचे स्नायू कातडीखाली आपोआप उडायला लागले, बेडकाच्या गळ्यासारखे.

पुढचं सगळं आरडाओरड्यात झालं. शेजारच्या शेतातली माणसं धावली, कोणी शालिग्रामभाऊला फोन केला, तो साखरपुडा अर्धा सोडून परत आला, ऑटो आला. शाहजादी अनवाणी पळत आली आणि सात वर्षांच्या लेकीला, सफाला, कोकिळाबाईच्या हातात देऊन ऑटोत चढली. शालिग्रामभाऊ चढता चढता थांबला. त्याचा चेहरा राखेसारखा झाला होता.

“कोकिळाबाई, मी सांगतलं होतं तेवढंच टाकलं ना?”

दहा-बारा माणसं बघत होती. सफाचा हात तिच्या हातात होता.

“हाव,” कोकिळाबाई म्हणाली.

एकच. स्वच्छ. शालिग्रामभाऊनं श्वास सोडला. “मंग काही नाही होत,” तो म्हणाला, आणि ऑटो गेला.

ती बांधावर परत गेली. दोन्ही बाटल्या आणि ते मोठं झाकण तिनं बादलीत घातलं, घरी आणलं आणि पऱ्हाटीच्या गंजीमागं, कोंबड्या अंडी घालतात तिथं ठेवून दिलं. का, हे तिला सांगता आलं नसतं. हात मात्र तिनं सातदा धुतले.

दिवस मावळताना शालिग्रामभाऊ अंगणात आला. बसला नाही.

“चिखलीहून बुलढाण्याले नेलं. बोलून नाही राह्यला.”

“वाचन ना?” निवृत्तीनं विचारलं.

“काय सांगाव. डॉक्टर विचारे, काय फवारलं, किती टाकलं. मी नाव सांगतलं, माप सांगतलं. थे म्हने एवढ्या मापानं माणूस इतका जात नाही. मंग म्हने, यानं हातानं पिलं असन.” शालिग्रामभाऊनं कपाळ पुसलं. “मी ठासून सांगतलं, माप तं बरोबरच होतं. आमच्या कोकिळाबाईनं टाकलं, थे किरिस्ताव बाई हाये, तिच्या तोंडातून खोटं निघत नाही. डॉक्टरनं लिहून घेतलं. मंग पोलीस आला. शाहजादीले विचारे, घरात भांडण झालं होतं का, त्यानं कायले पिलं.”

“शाहजादी काय म्हने?” कोकिळाबाईचा आवाज तिलाच परका वाटला.

“काय म्हनन? भिंतीले डोकं आपटून राह्यली.”

तो गेला. ओट्याच्या आतल्या बाजूला सफा भाकरी कुस्करत बसली होती. कोकिळाबाई चुलीपुढं बसली आणि तिला थंडी वाजू लागली. भादव्याच्या उकाड्यात. दात वाजू नयेत म्हणून तिनं पदराचा बोळा तोंडात धरला. निवृत्तीनं तिच्याकडं पाहिलं, सफाला बाहेर कोंबड्या कोंडायला पाठवलं, आणि हळूच म्हणाला, “काय झालं सांग.”

तिनं सांगितलं. सगळं. चिखलात पडलेलं झाकण, तिसरा पंप, कमरेतला फोन.

निवृत्तीनं ऐकून घेतलं. तो हातानं बोलणारा माणूस. त्याच्या बोटांत एक जुना वॉशर होता, तो फिरवत राहिला. मग म्हणाला, “पंप माह्याच हातून दुरुस्त होऊन गेला हाये. वॉशर गेला होता म्हनतो मी. सकाळपासून पाठीवर गळत होता म्हनतो.”

“गळत होता?”

“नाही.”

“मंग?”

“मंग काय? माह्या हावले कोण विचारते, कोकिळा? उद्या म्हनतीन निवृत्ती कारागीर खराब हाये. म्हनू दे. तुह्या शब्दावर आपलं घर उभं हाये इथं. आपलं एकच घर हाये. शालिग्रामचे पन्नास हायेत, वाहेदचे वीस. दोन्हीकडून आपल्यावर आले तं जाव कुठं?”

हे तो रागानं म्हणत नव्हता. बायकोचं खोटं तो आपल्या अंगावर घ्यायला निघाला होता, आणि त्याच्या डोळ्यांत तिच्यासारखीच भीती होती. कोकिळाबाईला रडू कोसळलं. त्याच्या एवढ्या मायेवर नुसतं ‘हाव’ म्हणायचं होतं. तिचं तोंड उघडलंसुद्धा. आणि पाळकसाहेबांचा दचकलेला चेहरा तिला आठवला. कोणता हाये थे ज्याचं त्यानं पाहाव. चाळीस वर्षं जपलेला तो होकार कधी लोभ झाला, तिला कळलंच नव्हतं. खरं बोलण्याचा नाही. खरं बोलणारी म्हणवून घेण्याचा.

“पाहू सकाळी,” ती म्हणाली.

निजण्याआधी ती रोजच्यासारखी गुडघ्यांवर बसली. प्रभू, वाहेदले वाचव, ती म्हणाली, म्हणजे मले सांगाव लागणार नाही. दुसरा भाग तिनं म्हटल्यावर ऐकला. पुन्हा सुरुवात केली, तर प्रार्थना पुन्हा त्याच वळणाला गेली. तिसऱ्यांदा तिनं प्रयत्न केला नाही.

पहाटे शाहजादीचा कोंबडा आरवला. रोज आरवायचा, रोज ती त्याला शिव्या द्यायची. आज ती अंथरुणात उठून बसली. तिला बायबलमधला तो दुसरा कोंबडा आठवला. प्रभूला धरून नेलं त्या रात्री, त्याला मी ओळखत नाही असं अंगणातल्या शेकोटीपाशी, नुसत्या भीतीपोटी सांगणाऱ्या शिष्याच्या कानावर पडलेला. त्याच्याजवळ ना सैनिक आला होता ना तलवार. एका मोलकरणीनं विचारलं होतं.

सफा आधीच उठून कोंबड्या सोडायला गेली होती. ती परत आली तेव्हा तिच्या हातात ती लहान बाटली होती.

“मौसी, अंडं नाही, हे होतं.”

कोकिळाबाईनं झडप घालून बाटली घेतली, पोरीला ओढत मोरीवर नेलं आणि साबणानं तिचे हात कोपरापर्यंत घासले. सफा मुकाट्यानं हात घासून घेत होती. मग म्हणाली, “काल थे कोकाट्याची पोर म्हने, तुह्या अब्बानं औषध पिलं. नाही पिलं ना?”

“नाही.”

“खरंच? मंग हाव म्हन.”

“हाव. नाही पिलं.”

“मंग अम्मीले सांग ना. अम्मीले माहीत नाही.”

सकाळच्या बसला कोकिळाबाई चढली तेव्हा तिच्या एका हातात सफा होती आणि दुसऱ्या हातात कापडी थैली. थैलीत प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून दोन बाटल्या आणि एक झाकण. निवृत्ती थांब्यापर्यंत आला होता. त्यानं अडवलं नाही. “मी येऊ का?” एवढंच म्हणाला. “टपरी उघड,” ती म्हणाली, “लोकायले वाटलं पाहिजे आपण पळालो नाही.” पण बसच्या पायरीवर तिला दोनदा चढावं लागलं.

अमडापूर मागं पडलं तसा गाडीत वास पसरला.

“कोण औषध घेऊन बसलं बे?” मागून कोणी ओरडलं.

कंडक्टर वास घेत घेत तिच्यापाशी आला. “बाई, थैलीत काय हाये?”

“औषध.”

“कुठं घेऊन चालल्या?”

“दवाखान्यात.”

“तुमचं उलटंच दिसते! लोकं दवाखान्यातून औषध आणतात, तुम्ही दवाखान्याले घेऊन जाता.” आसपासची माणसं हसली. कंडक्टरनं तिचा चेहरा पाहिला आणि हसू गिळलं. “खिडकीपाशी धरा, माय,” तो हळू म्हणाला.

चिखलीला गाडी बदलायची होती. इथंच देऊळ होतं, दहा मिनिटांच्या वाटेवर. पाळकसाहेबांकडं जावं, त्यांच्यापाशी सगळं ओतावं, ते डोक्यावर हात ठेवून प्रार्थना करतील, प्रभू क्षमा करतो म्हणतील, असं तिला फार वाटलं. पाय तिकडं वळलेही. मग सफानं विचारलं, “अब्बा इथं हाये का?” “नाही,” ती म्हणाली, आणि बुलढाण्याच्या गाडीकडं वळली. प्रभूला कालच माहीत होतं. माहीत नव्हतं ते डॉक्टरला.

दवाखान्याच्या लांब व्हरांड्यात शाहजादी बाकावर बसली होती. कालचंच लुगडं, पायात चपला नाहीत. तिच्यासमोर एक पोलीस कागद घेऊन उभा होता.

“पुन्हा विचारतो, बाई. काही बोलाचाली झाली होती का? मजुरीचा पैसा, दारू, काहीतरी?”

“साहेब, किती बार सांगू? त्यानं सकाळी चहा पिला अन् गेला. जाता जाता मले म्हने, येताना मासे आणतो. मरायले जाणारा माणूस मासे आणतो म्हनते का?”

कोकिळाबाई खांबाआड थांबली. अजून तिला कोणी पाहिलं नव्हतं. अजून वळता आलं असतं. पोलीस धरून नेईल. गावात शालिग्रामची माणसं वाट बघत असतील. वाहेदचे भाऊ असतील. निवृत्ती टपरीत एकटा. हे सगळं तिला एकाच वेळी दिसलं, आणि त्यातलं एकही खोटं वाटलं नाही.

सफा हात सोडून आईकडं धावली.

“अम्मी, मौसी म्हनते अब्बानं नाही पिलं! हाव म्हनली!”

शाहजादीनं मान वर केली. पोलिसानंही.

“डॉक्टर कुठं हायेत?” कोकिळाबाई म्हणाली.

डॉक्टरीण तरुण होती, डोळे जागून सुजलेले. कोकिळाबाईनं टेबलावर थैली ठेवली, बाटल्या काढल्या, झाकण काढलं. “एका पंपात मोठीतलं हे एक झाकण. अन् लहानीतलं बी हेच एक. असे आठ पंप. आठवा अर्धा राह्यला असन.”

डॉक्टरीण बाटल्यांवरचं बारीक छापलेलं वाचत होती. ती थांबली. “काल गावातून जे आले होते, ते तर अर्धं झाकण म्हणाले. लहान झाकणाचं.”

“त्यायनं तसंच सांगतलं होतं. मी ऐकलं नाही.”

“ते म्हणाले, टाकणाऱ्या बाईनं खात्रीनं सांगितलं.”

“थे बाई मी.”

डॉक्टरिणीनं हातमोजे चढवले, झाकणात काठोकाठ पाणी ओतलं आणि एका मोठ्या सिरिंजमध्ये ओढून घेतलं. मग सिरिंज उजेडाकडं धरून आकडा वाचला. “पंचवीस मिली. पाहिजे होतं पाच.” तिनं नर्सला भराभर काही सांगितलं, त्यातलं कोकिळाबाईला कळलं नाही; काही थांबवायला सांगितलं, काही वाढवायला. दारापाशी ती क्षणभर वळली. “बाई, बाटल्या आणल्या ते बरं केलं. कालच आणायच्या होत्या.”

“हाव,” कोकिळाबाई म्हणाली.

व्हरांड्यात पोलिसानं कागद पुढं केला. नाव, गाव, वय. तो विचारत होता, ती सांगत होती. शाहजादी भिंतीला टेकून ऐकत होती. शेवटी तिनंच विचारलं, अगदी हळू, “तुले कधी कळलं?”

“तिसऱ्या पंपाले.”

“अन् ऑटोत चढताना शालिग्रामनं विचारलं तं तू हाव म्हनली.”

“हाव.”

शाहजादी पोलिसाकडं वळली. “आता लिहा साहेब. माह्या नवऱ्यानं पिलं नाही म्हनून लिहा. मोठ्या अक्षरात लिहा.” आणि मग तिच्या अंगातलं बळ सरलं. ती बाकावर बसली, सफाला पोटाशी घेतलं. कोकिळाबाई समोर उभी राहिली, बसावं की जावं हे न कळून. मग शाहजादी बोलली. तिच्याकडं न पाहता.

“तो वाचन ना, कोकिळाबाई?”

सगळ्या जगात कोकिळाबाईला तेव्हा एकच शब्द म्हणायचा होता. दोनदा, दहादा म्हणायचा होता. कोणीही म्हटला असता. कंडक्टरसुद्धा म्हणाला असता.

“मले माहीत नाही, शाहजादी.”

शाहजादीनं डोळे मिटले. मग ती बाकावर हातभर सरकली. जागा झाली. कोकिळाबाई तिथं बसली. दोघी एकमेकींना न शिवता वाहेदच्या खोलीच्या दाराकडं बघत राहिल्या.

संध्याकाळी ती परत आली तेव्हा शालिग्रामभाऊ टपरीसमोर उभा होता. त्यानं हात उचलला नाही. “माह्या तोंडावर हाव म्हनली तू,” एवढंच म्हणाला. “दहा लोकायसमोर. मी तुह्या भरवशावर डॉक्टरले खोटं सांगून आलो.” त्याचं सगळं खरं होतं. दुसऱ्या दिवसापासून तिला कामाला कोणी बोलावलं नाही. ओट्यावर भांडण घेऊन कोणी आलं नाही. मोटारसायकल घरासमोर मंदावली की कोकिळाबाई दाराची कडी चाचपायची, आणि गाडी मंदावायचीच, कारण तिथं खड्डा होता. पोलिसांनी एकदा बोलावलं, पुन्हा बोलावू म्हणाले. निवृत्ती रोज टपरी उघडत होता. पंप येत होते, पण माणसं ते ठेवून न बोलता जात होती. ती रोज शाहजादीच्या कोंबड्या सोडायची, दाणे टाकायची, अंडी मोजून परडीत ठेवायची. प्रार्थनेत आता एकच वाक्य उरलं होतं, आणि त्याला ‘म्हणजे’ जोडलेला नव्हता.

पाचव्या दिवशी सकाळी फोन वाजला. नाव शाहजादीचं. कोकिळाबाईनं तो हातात धरून ठेवला. उचलेना. निवृत्ती दारात आला, तिच्या हातातून घेऊन त्यानंच कळ दाबली आणि फोन तिच्या कानाला लावला.

बराच वेळ नुसता दवाखान्याचा आवाज. भांड्यांचा, चाकांचा.

“कोकिळाबाई?”

“बोल.”

“पहाटे डोळे उघडले त्यानं. पाणी मांगतलं. अन् मंग म्हने...” शाहजादीचा आवाज फाटला, ती हसत होती की रडत होती कळेना, “म्हने, मासे राह्यले.”

कोकिळाबाई उंबऱ्यावर बसली. “खरंच, शाहजादी? बोलला?”

पलीकडं चाकांचा आवाज लांब गेला.

“हाव,” शाहजादी म्हणाली. एकदाच.